बारक्या आणि चिंचणवाडची खीर

तनिष्का सुतारच्या पोटावर, बेंबीच्या जरा उजवीकडं, एक लालबुंद ओलं बोंड होतं. सुपारीपेक्षा मोठं, लिंबापेक्षा बारकं. ते तिच्याच लहान आतड्याचं तोंड होतं आणि तिनं त्याचं नाव ठेवलं होतं बारक्या. बारक्यावर पिशवी चिकटवलेली असायची. खाल्लेलं सगळं खालच्या वाटेनं न जाता त्या पिशवीत यायचं, आणि दिवसातनं पाच-सहा वेळा तनी ती रिकामी करून यायची. बारक्याला वेळकाळ कळायचा नाही. ग्रामसभेत सरपंच बोलायला उभे राहिले की हा हमखास गुरगुरणार. लोक वळून बघायचे. तनी उलट त्यांच्याकडं डोळे वटारून बघायची, तुमचं पोट काय मुकं आहे काय म्हणून.

हे झालं टायफॉइडपायी. दीड वर्षापूर्वी तनी साडेसतरा वर्षांची होती. शाळा तिनं दहावीतच सोडली होती. गणिताच्या सरांनी फळ्यावर चुकीचं उत्तर लिहिलं, हिनं ते सगळ्या वर्गासमोर दाखवलं, सर म्हणाले बाहेर हो, ही बाहेर झाली ती परत त्या फाटकातनं आत गेलीच नाही. मग दुंडाप्पा आचाऱ्याच्या हाताखाली लागली. दुंडाप्पा म्हणजे पंचक्रोशीतल्या लग्नाजत्रांचा आचारी, सगळ्यांचा दुंडूमामा. ताप अंगात असताना पोरगी गोळ्या खाऊन भट्टीपुढं उभी राहिली, तीन आठवडे. शेवटी आतड्याला भोक पडलं आणि मिरजेला नेईपर्यंत पोट लाकडासारखं कडक झालं होतं. डॉक्टर अफरीन मुजावर यांनी सडका भाग कापून काढला आणि आतडं पोटावर आणून ठेवलं. म्हणाल्या, खालच्या आतड्याला विश्रांती देऊ, तीन महिन्यांनी परत जोडू.

तीन महिन्यांचे अठरा महिने झाले. कारण मधी कडं आलं.

हे कडं काय आहे ते जरा नीट समजून घ्या, मग पुढची गंमत कळेल. माणसाच्या आतड्याला स्वतःची अक्कल असते. पाठीच्या कण्यात असाव्यात इतक्या नसांच्या पेशी आतड्याच्या भिंतीत बसलेल्या असतात आणि त्या डोक्याला न विचारता कामं करतात. पोटात काही वाईट पडलं की वर जठरात ते कळतं आणि खालपर्यंत निरोप जातो. जेवण अजून वरच असतं, पण खालच्या अस्तराला आधीच घाम फुटतो, नसांची लय बिघडते. आपल्याला उलटी होते चार तासांनी. आतड्याला विसाव्या मिनिटालाच ठाऊक असतं. आता हे अस्तर सगळ्यांच्या आतच असतं, तिथं कोण बघणार? पण तनीसारख्यांचं अस्तर बाहेर, उघड्यावर. कुणीतरी डोकेबाज माणसानं बांगडीएवढं मऊ कडं बनवलं, बोंडाभोवती पिशवीच्या आतनं बसणारं. ते त्या घामाची आणि त्या लयीची नोंद घेतं आणि रंग दाखवतं. हिरवा, खुशाल जेवा. पिवळा, थांबा. लाल, पुरून टाका.

प्रयोगशाळेला जे कळायला दोन दिवस लागतात ते कड्याला वीस मिनिटांत कळायचं. एका उन्हाळ्यात लग्नांतनं विषबाधा फार झाल्या तेव्हा कायदाच निघाला की पाचशेच्या वर पानं वाढायची असतील तर कड्याचा दाखला पाहिजे. अशा दाखला देणाऱ्या माणसांना लोक चाखणकर म्हणू लागले. अख्ख्या जिल्ह्यात अकरा चाखणकर होते, आणि त्यांतली सगळ्यात तरणी, सगळ्यात तोंडाळ म्हणजे आपली तनी.

काय रुबाब वाढला सांगू. काल आल्याची साल काढणारी पोरगी आज मांडवात आली की वरबाप उठून खुर्ची द्यायचा. एकदा तिनं बासुंदी लाल केली आणि दूधवाल्याला झारा घेऊन पार रस्त्यापर्यंत पळवलं. भीती म्हणून काय ते पोरीला ठाऊक नाही, असं लोक म्हणायचे, आणि ते तिच्या कानावर आलं की तनी अजून दोन इंच ताठ चालायची.

घरी मात्र आईची टकळी सुरू होती. आई, शोभा, पोस्टात पार्सलं वाटायची. ती लग्नाबिग्नाचं बोलायची नाही. ती बोलायची ते पोरीच्या कातडीचं, पिशवी गळाली की होणाऱ्या आगीचं, उन्हात अंगातलं पाणी कमी होऊन दोनदा सलाइन लावायला लागलं त्याचं. जोडून घे, म्हणायची. तनीचं उत्तर तयार असायचं. मी जोडून घेतलं तर चाखायचं कुणी, मामाचं काय होईल, गावोगावचे लोक काय खातील. ऐकणाऱ्याला वाटावं, जिल्ह्याची पोटं हिच्या एकटीच्या जिवावर चाललीत.

खरं वेगळंच होतं आणि ते तनीनं कुणाला सांगितलेलं नव्हतं. तिला आठवत होता तोंडावर आलेला रबराच्या वासाचा मास्क. कुणीतरी म्हणालं होतं, शंभरापासनं उलटं मोज. ती सत्त्याण्णवपर्यंत पोचली आणि मग काहीच नाही. झोप नाही, स्वप्न नाही, नुसतं काहीच नाही. जाग आली तेव्हा नाकात नळी होती आणि शेजारी बसलेली आई चार दिवसांत म्हातारी दिसायला लागली होती. पुन्हा ते मोजायचं म्हटलं की तनी काहीतरी काम काढून उठायची. दूधवाल्याला पळवणारी पोरगी मास्कला भिते, हे सांगायचं कुणाला?

डॉक्टर मुजावरांनी ते ओळखलं असावं. फाल्गुनात तपासणीला गेली तेव्हा त्यांनी सगळं सरळ सांगितलं. जोडल्यावर काही आठवडे संडासाकडं पळापळ होईल. जोड गळायचा धोका थोडा आहे, पण आहे. खालचं आतडं अजून बरं आहे, मात्र ते बिनकामाचं बसून बसून आळशी होत चाललंय. आणि कायमची पिशवी ठेवून मजेत जगणारे खूप लोक आहेत. त्यांनी गडहिंग्लजच्या एका मास्तरांचं उदाहरण दिलं. त्यांना जोडता येत होतं, पण त्यांनी विचार करून नाही म्हणून सांगितलं. रोज नदीत पोहतात.

"मग मी पण मास्तरांसारखं करते," तनी म्हणाली.

"मास्तरांनी ठरवलं होतं," डॉक्टर म्हणाल्या. "तू ठरवत नाहीयेस, बाळा. तू टाळतेयस."

तनीला असा राग आला की ती औषधाची चिठ्ठी टेबलावरच विसरून बाहेर पडली.

चैत्रात चिंचणवाडच्या मरगूबाईची जत्रा आली. तीन हजार माणसांचा महाप्रसाद. खपली गव्हाची खीर, भात आणि आमटी. चार काहिली भरून खीर शिजवायची म्हणजे दुंडूमामाचं वर्षातलं सगळ्यात मोठं काम. मामा चाळीस वर्षं ही खीर करत होता, आणि चाळीस वर्षांत त्याच्या खिरीनं कुणाचं पोट बिघडलं नव्हतं.

आता एक पेच होता. देवीला नैवेद्य दाखवायच्या आधी प्रसादाला कुणी तोंड लावायचं नाही. आचाऱ्यानं पण नाही. मीठ-गूळ सगळं हाताच्या अंदाजानं. आणि दाखल्यासाठी तर खाल्ल्याशिवाय भागत नाही. यात्रा कमिटीनं यावर दोन बैठका घेतल्या. एका शहाण्यानं मुद्दा काढला की तनीनं खाल्लेलं अर्ध्या वाटेतच बाहेर पडतं, तेव्हा ते उष्टं धरायचं कारण नाही. गुरवाची बायको इतकी हसली की त्याला चहा न पिताच उठावं लागलं. शेवटी ठरलं असं की नैवेद्य झाल्या झाल्या तनीनं खायचं, वीस मिनिटं थांबायचं, मग पंगत. आणि लोकांना कळावं म्हणून कड्याचा रंग कबड्डीच्या गुणफलकावर दाखवायचा. मोठा फलक, देवळासमोर, लांबनं दिसणारा.

नैवेद्य साडेबाराला झाला. लोक पत्रावळ्या घेऊन बसले पण. अन्नखात्याचे निरीक्षक टोणपे साहेब टॅब मांडीवर घेऊन खुर्चीत. तनीनं वाटीभर खीर घेतली, आणि पहिला घास घ्यायच्या आधी तिचा फोन वाजला.

मिरजेहनं होता. डॉक्टर मुजावर स्वतः. बुधवारची एक जागा रिकामी झालीय. त्यानंतर त्या चार महिने बाहेरदेशी शिकवायला चालल्यात. यायचं असेल तर आज संध्याकाळपर्यंत सांग, नाहीतर दुसऱ्या कुणाला देते, आणि नाही म्हणालीस तरी मला राग नाही. तनी म्हणाली, सांगते. फोन ठेवताना पोटात कुणीतरी कापड पिळल्यासारखं झालं. आजूबाजूला तीन हजार माणसं बघत होती म्हणून खीर खाल्ली. चव लागली नाही.

गुणफलक हिरवा होता. सातव्या मिनिटाला पिवळा झाला. पोरांनी पत्रावळ्या वाजवायचं थांबवलं. अकराव्या मिनिटाला लाल.

अख्ख्या माळावर एवढी शांतता झाली की काहिलीतली खीर फुटफुटताना ऐकू यायला लागली. मग एकदम कालवा. कुणी म्हणालं गूळ भेसळीचा, कुणी म्हणालं खोबरं जुनं, एक म्हातारी म्हणाली देवीचा कोप. टोणपे साहेब उठले आणि नियमाप्रमाणं म्हणाले की चारही काहिली पुरायच्या. तळं खोदायला आलेला जेसीबी बाजूलाच उभा होता. तो चालू पण झाला.

दुंडूमामा भट्टीपासनं बाजूला झाला. गुळाच्या रिकाम्या पोत्यावर बसला. डोक्याचा टॉवेल काढून मांडीवर ठेवला आणि बोटं मोजत बसला. गहू मी निवडला. खोबरं मी फोडलं. गूळ माझ्यासमोर उतरला. तिसऱ्या बोटाशी अडकायचा आणि परत पहिल्यापासनं सुरू करायचा. "माझ्याकडनं काय राहिलं गं, तने?" असं त्यानं विचारलं, आणि वर न बघता विचारलं.

तनीला ठाऊक होतं काय झालंय. कापड पिळलं गेलं ते खीर तोंडात जायच्या आधी. कड्याला कारण कळत नाही. आतड्याचा घाम विषानं फुटला काय आणि भीतीनं फुटला काय, कड्याला दोन्ही सारखंच. गप्प बसणं एकदम सोपं होतं. कड्यावर कुणी शंका घेत नव्हतं, तनीवर तर कुणीच नाही. खीर मातीत गेली असती, मामाचं नाव तिच्याबरोबर गेलं असतं, आणि तनी वाघाची वाघच राहिली असती.

जेसीबीनं पहिलं खोरं मारलं आणि तनी त्याच्यापुढं जाऊन उभी राहिली.

टोणपे साहेबांना तिनं सांगितलं की खिरीत काही नाही, जे आहे ते माझ्यात आहे. साहेब समजूतदार होते पण नियमाचे होते. म्हणाले, ताई, लाल म्हणजे लाल. मग तनीचं डोकं फिरलं. पण नेहमीसारखं नाही, कामाला लागल्यासारखं फिरलं. तिनं साहेबांना विचारलं, हीच खीर पोटात असताना फलक हिरवा झाला तर? आणि मी म्हणेन तेव्हा परत लाल झाला तर? विष काय माझं ऐकून येतं-जातं? साहेबांनी कपाळ खाजवलं आणि अर्धा तास दिला.

तनीनं लसणाची पाटी मागवली. भट्टीवर कितीही गोंधळ असू दे, लसूण सोलायला बसली की तिचं डोकं निवायचं, हे तिला माहीत होतं. ती फलकाकडं पाठ करून मांडी घालून बसली. एक पाकळी, दुसरी पाकळी. नख लावायचं, साल ओढायची, पातेल्यात टाकायची. तीन हजार भुकेली माणसं एका पोरीला लसूण सोलताना बघत होती. सात-आठ गड्डे झाले असतील, मागनं पोरांचा आवाज आला, पिवळा, पिवळा. अजून तीन गड्ड्यांनी हिरवा.

"आता म्हणा," तनी टोणप्यांना म्हणाली. "म्हणा, बुधवारी तुझं ऑपरेशन आहे."

साहेबांना काही कळेना. पण त्यांनी सरकारी आवाजात वाचून दाखवावं तसं म्हटलं, बुधवारी तुमचं ऑपरेशन आहे.

तनीच्या हातातली पाकळी निसटली. फलक हिरव्याचा पिवळा झाला, आणि कुणीतरी 'आयला' म्हणेपर्यंत पिवळ्याचा लाल. लोक आधी हसले. मग एकेक करत गप्प झाले, कारण पोरगी थरथरत होती आणि ते सगळ्यांना दिसत होतं, फलकाशिवाय.

बायकांच्या पंगतीतनं शोभा उठली. आली आणि काही न विचारता पाटीच्या दुसऱ्या बाजूला बसली. एक गड्डा उचलला, फोडला, सोलायला लागली. तनीच्या डोळ्यांतनं पाणी आलं, ते तिनं लसणाच्या नावावर खपवलं. दोघींनी मिळून पाटी संपवली. फलक कधी हिरवा झाला ते दोघींनीही बघितलं नाही. लोक ओरडले तेव्हा कळलं.

टोणपे साहेब टॅबवर बोट रोखून बसले होते. रकान्यात काय लिहू, असं त्यांनी खरंच तिला विचारलं.

"लिहा, खीर चांगली, पोरगी भित्री."

"भित्रीचा रकाना नाही," साहेब म्हणाले आणि त्यांनी हिरवं बटण दाबलं. पहिल्या पंगतीला ते स्वतः बसले आणि खीर तीनदा मागून घेतली.

दुंडूमामानं काहिलीतनं डावभर खीर काढून फुंकून फुंकून खाल्ली. कडं आल्यापासनं त्यानं स्वतःचं रांधलेलं चाखणंच सोडलं होतं, पोरगी आहे की चाखायला म्हणून. दोनदा जीभ टाळूला लावली. मग त्यानं वाढप्यांना सांगितलं की प्रत्येक पानावर तुपाची धार जास्त सोडा, वेलदोडा हाताबाहेर गेलाय. कुणाला तेवढं कळलं नसतं. त्याला स्वतःला मात्र लई वाईट वाटलं आणि तो दिवसभर वेलदोड्याचंच बोलत राहिला.

सगळं आवरलं तेव्हा चार वाजले होते. तनी देवळामागच्या कट्ट्यावर बसली. तिला अजब वाटत होतं. ज्या गोष्टीसाठी दीड वर्ष खोटं बोलली ती आता चिंचणवाडच्या शेंबड्या पोरालाही ठाऊक होती, आणि आभाळ काही कोसळलं नव्हतं. भीती होतीच. पण लपवायचं काम संपल्यावर उरलेली भीती बरीच बारकी निघाली, उचलून नेता येण्याजोगी. राग मात्र आला होता, आणि तो त्या फलकावर आला होता. आपण कधी घाबरलो ते सांगायचं का नाही, ते आपण ठरवायचं. कबड्डीच्या फलकानं नाही.

लसणाच्या हातानं तिनं फोन लावला. डॉक्टरांना म्हणाली, बुधवारी येते. आणि मला मास्कची भीती वाटते, ते पण लिहून ठेवा. पलीकडं डॉक्टर जराही हसल्या नाहीत. म्हणाल्या, मास्क नको, सुईतनं औषध देऊ, आणि झोप लागेपर्यंत हात मी धरते. एवढंच होतं ते. विचारलं असतं तर केव्हाच कळलं असतं.

मामाला सांगितलं तेव्हा तो काहिली घासत होता. मग म्हणाला, कड्याशिवाय माझ्याकडं काय करणार तू? तनी म्हणाली, ते तुम्ही सांगा. मामानं तिला नीट बघून घेतलं आणि सांगितलं की दुसरा चाखणकर कुठनंही मिळेल, पण जेसीबीपुढं उभा राहणारा माणूस त्याला चाळीस वर्षांत मिळाला नव्हता. टाके सुकले की काहिलीवर ये. साल काढायला नाही, शिजवायला.

बुधवारी मिरजेत तिनं शंभरापासनं उलटं मोजलं. ब्याण्णवपर्यंत गेली. डॉक्टर मुजावरांच्या हाताला तिच्या नखांचे चार वळ दोन दिवस दिसत होते म्हणे.

जाग आली तेव्हा पोटावर पट्टी होती आणि पिशवी नव्हती. पुढची गंमत मात्र कुणी तिला सांगितली नव्हती. आतडं जोडल्यावर ते चालू झालं का नाही हे कळायला कसलंच यंत्र नाही. एकच खूण. वारा सरला पाहिजे. तोवर पेज नाही, चहा नाही, नुसते पाण्याचे घोट. सिस्टर सकाळ-संध्याकाळ यायच्या आणि सगळ्या वॉर्डासमोर विचारायच्या, काय तनिष्का, गॅस पास झाला? पहिला दिवस नाही. दुसरा दिवस नाही. आई आकडे लिहून ठेवल्यासारखी तास मोजत होती. मामा तिसऱ्या दिवशी चिंचणवाडच्या चार माणसांना घेऊन आला आणि ते पाचजण पलंगाभोवती असे उभे राहिले की बाहेरनं बघणाऱ्याला वाटावं इथं निकाल लागायचाय. शेजारच्या पलंगावरच्या आजींनी तिला कुशीवर वळून झोपायचा सल्ला दिला. मामानं ओव्याचं सुचवलं, सिस्टरनी त्याला दटावलं.

दुपारी तीनला, सगळे कँटीनच्या वड्यांवर बोलत असताना, तनीच्या पोटात खाली, जिथं दीड वर्ष काहीच हललं नव्हतं तिथं, काहीतरी कुरकुरलं. सरकलं. वळण घेतलं. आणि अगदी हळू, आवाज न करता, वाट काढून गेलं.

तनीनं श्वास रोखला. पाचही माणसं वड्यांवरच होती. आई कापडी पिशवीतनं टॉवेल काढत होती. कुठं फलक नव्हता, कुठं रंग नव्हता, कुणाला कसला पत्ता नव्हता.

मामानं तिच्याकडं वळून बघितलं. "काय गं, काही हालचाल?"

तनीनं पांघरूण हनुवटीपर्यंत ओढलं. पेज मिळणार होती, आई रडणार होती, मामा चिंचणवाडला फोन लावणार होता. सगळं होणार होतं, तिनं तोंड उघडलं की.

"सांगते की," ती म्हणाली. "आधी वड्यांचं पुरं करा तुम्ही."